पंधराशेच्या अलीकडे

विमानं पाच होती. प्रत्येकात पुढे दोन खुर्च्या, म्हणजे खुर्च्या दहा. त्यांत बसायला माणसं चार. त्या चौघांपैकी डाव्या खुर्चीत, म्हणजे कॅप्टनच्या जागी बसायचा परवाना एकाकडेच, आणि तो एकजण उद्या पासष्ट वर्षांचा होणार होता. पासष्टीनंतर प्रवासी घेऊन उडता येत नाही, असा कायदा आहे. केक दोन होते. काकाने आणि आत्याने एकमेकांना न विचारता मागवले होते, आणि आपलाच आधी कापला जावा म्हणून दोघंही जवळ सुरी घेऊन बसले होते.

वाढदिवस खरं तर उद्याचा. पण उद्या कुणाला केक गोड लागेल याची खात्री नव्हती, म्हणून हँगरच्या माळ्यावरच्या कँटीनमध्ये सगळे आजच जमले होते. आजोबा खिडकीपाशी होते. त्यांनीच ही कंपनी एका इंजिनाच्या, पावसात गळणाऱ्या विमानावर सुरू केली होती. ते विमान भंगारात गेलं तेव्हा त्यातली एक खुर्ची त्यांनी माळ्यावर आणवली होती, आणि अजूनही तिच्यात बसले की ते पट्टा बांधत.

बातमी आत्याने आणली. ती खाली तिकीटखिडकी सांभाळायची आणि कंपनीत येणारा प्रत्येक फोन आधी तिच्या कानावरून जायचा. नवीन कॅप्टन आज रुजू होणार होता, त्याचा फोन होता.

"काय म्हणाला?" काकाने विचारलं.

"अभिनंदन म्हणाला."

"कुणाचं?"

"दादाचं, वाढदिवसाचं. चांगला माणूस आहे, लक्षात ठेवलं. मग म्हणाला, मी येत नाही. मोठ्या कंपनीने घेतलं त्याला."

"कालपर्यंत तर येणार होता."

"कालपर्यंत मोठ्या कंपनीने विचारलं नव्हतं."

काका कामकाज प्रमुख होता. कोणतं विमान कधी, कुठे आणि कोण नेणार, हे तो ठरवायचा. त्याने सुरी खाली ठेवली. दोन वर्षांत सात कॅप्टन गेले होते आणि सातही जणांच्या निरोपाला केक याच बेकरीतून आला होता. बेकरीवाला आता विचारायचासुद्धा नाही. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' एवढं लिहून ठेवायचा आणि नाव तेवढं फोनवर विचारून घ्यायचा.

सातवा गेला तेव्हा काकाने कुंपण घातलं होतं. शब्द त्याचाच. मोठ्या कंपन्या पंधराशे तास उड्डाण झालेल्यालाच घेतात, त्याखालच्याला दारात उभं करत नाहीत. काकाने यावरून सोपा निष्कर्ष काढला: आपल्याकडे कुणाचे पंधराशे होऊच द्यायचे नाहीत. सहवैमानिक चौदाशे नव्वदच्या आसपास आला की त्याला जमिनीवरचं काम मिळायचं. शिड्या रंगवणं, सीटखालची जीवरक्षक जॅकेटं मोजणं, आणि मोजून झाली की दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजणं. योजना यशस्वी झाली. तेव्हापासून एकही सहवैमानिक मोठ्या कंपनीत गेला नाही. दोघं कंटाळून गेले, एकाने मासळीचं दुकान टाकलं, पण ते काकाच्या हिशेबात धरलेले नव्हते.

योजनेत एकच गोष्ट राहून गेली होती. कॅप्टन व्हायलाही पंधराशेच लागतात.

ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही असं नाही, सगळ्यांच्याच आली होती. पण घरच्या कंपनीत चूक ज्याच्या लक्षात येते तिची दुरुस्ती त्याच्याच गळ्यात पडते. त्यामुळे प्रत्येकाने ती दुसऱ्याच्या लक्षात येण्याची वाट पाहिली.

"मी उडवतो," आजोबा म्हणाले.

"अप्पा, तुम्ही अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहात," काका म्हणाला.

"मग? कायद्यात पासष्ट लिहिलंय. अठ्ठ्याऐंशीचं काही लिहिलंय का?"

"लिहिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुम्ही आला नाहीत," आत्या म्हणाली. "पट्टा सोडा आणि सँडविच खा."

आणि मग सगळ्यांच्या माना एकदम चिमणीकडे वळल्या.

चिमणी कॅप्टनची मुलगी. वय एकोणतीस, कंपनीतली सगळ्यांत जुनी सहवैमानिक, आणि गेले चार महिने जॅकेटं मोजणारी. कॅप्टनच्या परवान्याच्या लेखी परीक्षा तिने मोजामोजीच्या मधल्या वेळात दिल्या होत्या. हवेतली चाचणीही झाली होती. फक्त तास कमी होते. तिचे चौदाशे शहाण्णव तास पंचवीस मिनिटं झाली होती. आपल्याकडे सगळे का बघताहेत हे तिला कळलं. ती हातातलं सँडविच संपवत राहिली.

काकाने गणित मनातल्या मनात केलं. बेटाची दुपारची फेरी, जाऊन येऊन साधारण तीन तास पन्नास मिनिटं. चिमणीला हवे होते तीन तास पस्तीस. फेरी करून ती आज परत उतरली की पंधराशेच्या पलीकडे. कागदपत्रं तयार होती, उद्या सकाळी परवाना हातात.

"चिमे," तो मऊ आवाजात म्हणाला, "आज बेटाला तू जा."

"त्या फेरीला उंच्या आहे ना?"

"उंच्याला ताप आहे."

शेजारच्या टेबलावर दुसरं सँडविच खाणारा उंच्या, म्हणजे दुसरा सहवैमानिक, दचकला. "मला?"

"येईल," काका म्हणाला. "तर चिमे, तू जा. फक्त जायच्या आधी एक सही कर. पाच वर्षांचा करार. घरातल्या घरात."

"पाच?" आत्या म्हणाली. "शरम कर धाकट्या. घरची मुलगी आहे. तीन ठेव."

"ताई, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी तिकीटखिडकीच्या बाजूने आहे. उद्या विमान नसेल तर लोक शिव्या मला देणार, तुला नाही. चिमे, तीनला कर सही."

"एक," आजोबा म्हणाले. "आणि एक वर्ष मी शेजारी बसतो."

चिमणीने हात पुसले. "मोठ्या कंपनीने मला बोलावलंय," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत पंधराशे झालेले दाखवायचेत."

उंच्याने ताटली बाजूला ठेवली.

"बघ," काका आत्याला म्हणाला. "आणि तू म्हणतेस तीन."

"काका, मला एक सांगा. मी आज गेले नाही तर उद्या काय होईल?"

"विमानं उभी राहतील."

"आणि मी पंधराशे करून मोठ्या कंपनीत गेले तर?"

"उभी राहतील."

"मग मला पाठवण्यात तुमचं काय जातंय?"

"तत्त्व जातंय," काका म्हणाला.

"मी सही करणार नाही. दार लावून घेऊन 'राहतेस का' असं विचारल्यावर माणूस काय उत्तर देणार? आधी दार उघडा. मग विचारा. तेव्हा खरं असेल ते सांगीन."

"म्हणजे राहशील?" आत्याने लगेच विचारलं.

"आत्या, दार अजून बंद आहे."

कॅप्टन इतका वेळ दोन्ही केकांच्या मधोमध बसून होता. दोन्ही भावंडांचा मान राखायचा म्हणून त्याने एकही कापला नव्हता. आता तो उठला.

"माझ्या शेजारी कोण बसणार, ते मी ठरवतो," तो म्हणाला. "चिमे, टोपी घे."

"दादा, सही—"

"केक कापून घ्या तुम्ही," कॅप्टन म्हणाला आणि जिना उतरू लागला.

काका खाली आपल्या खोलीत आला. तो वाईट माणूस नव्हता, आणि तसं त्याला कुणी म्हटलं की त्याला मनापासून दुःख व्हायचं. तो जे काही करायचा ते कंपनीसाठीच. आजोबांनी उभं केलेलं आपल्या हातून बंद पडलं, असं लोकांनी म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं. सही मिळाली नव्हती. पण भिंतीवर नकाशा होता.

बेटाची फेरी पहिल्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने जायची. आजोबांच्या एका इंजिनाच्या काळातला नियम: खाली जमीन दिसत राहिली पाहिजे, म्हणजे इंजिन बंद पडलं तर उतरायला जागा राहते. आताच्या विमानांना दोन इंजिनं होती, थेट पाण्यावरून जायला कुणाची हरकत नव्हती, आणि इंधनही वाचलं असतं. पण आजोबांच्या नियमाला हात लावायचं धाडस तीस वर्षांत कुणी केलं नव्हतं.

काकाने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. थेट गेलं तर जाऊन येऊन साडेतीन तास. चिमणी उतरेल तेव्हा पंधराशेला पाच मिनिटं कमी असतील. पाच मिनिटांसाठी पाच वर्षं, हा सौदा संध्याकाळी शांतपणे बोलता आला असता. सही झाली की तिला द्यायला रात्रीच्या टपालाच्या विमानाची एक छोटी फेरी तो हातात राखून ठेवणार होता. मध्यरात्रीपर्यंत दादा कॅप्टनच होता. काकाने नवा मार्ग कळवला, त्याला लागेल तेवढंच, अधिक नियमाप्रमाणे राखीव, इंधन भरायला सांगितलं आणि स्वतःशीच म्हणाला की खर्चात बचत करायला कधीतरी सुरुवात करायलाच हवी होती.

"रस्ता बदललाय," धावपट्टीकडे जाताना चिमणी म्हणाली.

"बघितलं," कॅप्टन म्हणाला. "तुझ्या काकाने तीस वर्षांत पहिल्यांदा काहीतरी बदललं. बिचाऱ्याला बोलू नकोस."

जाताना विमान कॅप्टनने नेलं, येताना चिमणीने. बेटावर त्यांनी आठ प्रवासी उतरवले आणि अकरा घेतले. त्यात दवाखान्यातली एक परिचारिका होती, ती चढता चढताच झोपली. हवा स्वच्छ होती. खाली पाणी, सगळीकडे पाणी, आणि चार महिन्यांनी हातात आलेलं विमान. तासांचा विचार चिमणीच्या मनात पहिली चाळीस मिनिटं आलाच नाही. मग आला, आणि तिने घड्याळ पाहिलं.

"बाबा, पाच मिनिटं कमी पडताहेत."

कॅप्टनने तिच्या आकड्यांवर नजर टाकली, मग पाण्यावर काढलेल्या सरळ रेघेवर. भावाचा हात त्याला त्यात ओळखू आला. लहानपणी पतंगाची वाटणी करतानाही धाकटा अशीच पट्टी ठेवायचा.

"वेग कमी करू?" चिमणीने विचारलं. "थोडासा."

"नाही. इंधन बेतानं आहे. हवेत उशीर करायचा नाही, जमिनीवर कितीही करू." त्याने पट्टा घट्ट केला. "वेळ इंजिन बंद होईपर्यंत मोजतात. उतरल्यावर हळू घे. पार्किंगला वळसा घालून जा."

"मागे अकरा माणसं बसलीत, बाबा. त्यांनी माझ्यासाठी का बसायचं?"

"पाच मिनिटं बसतील. तुला मी चार महिने बसवलंय."

"काकाने बसवलं."

"कुंपणाचा कागद माझ्याही टेबलावर आला होता. मी खाली सही केली. तू उजव्या खुर्चीत आणखी थोडे दिवस असावीस, असं मला वाटलं." समोर किनारा दिसू लागला होता. "उतरायची तयारी कर."

चिमणीने तयारी केली.

खाली तिकीटखिडकीत आत्याने आगमनाच्या फळ्यावर बेटाच्या विमानाची वेळ वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"विमान वीस मिनिटं आधी कसं येतंय?" तिने काकाला विचारलं. "आपलं विमान वेळेवर आलं तरी लोक घाबरतात, आणि हे आधी?"

"थेट मार्ग," काका म्हणाला. "इंधन वाचतं."

आत्याला गणित आवडायचं नाही, पण भाऊ चांगला माहीत होता. तिने बोटांवर मोजलं, दोनदा. सकाळी ती तीन वर्षांच्या बाजूने होती. तीन काय, पाचलासुद्धा ती शेवटी राजी झाली असती. पण पोरीला वर चढवायचं आणि खालून शिडी काढून घ्यायची, हे तिला पटेना. ती तशीच माळ्यावर गेली.

"अप्पा, धाकट्यानं विमान पाण्यावरून आणलंय."

"कुठलं विमान?"

"बेटाचं. सरळ. जमीन न दिसता."

आजोबांनी पट्टा सोडला. चिमणीच्या तासांचं आत्याने पुढे सांगितलं, ते त्यांनी अर्धंच ऐकलं. तेवढं पुरेसं होतं.

"मला न विचारता?" ते जिन्यावर म्हणाले.

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच."

विमान उतरलं. ते धावपट्टीवरून वळून आत येताना काका दोन्ही हातांत रंगीत दांड्या घेऊन पार्किंगच्या जागेसमोर उभा होता. विमानाला जागेवर आणणारा माणूसही मागच्या महिन्यात मोठ्या कंपनीत गेला होता आणि त्याचं काम सध्या काकाकडेच होतं. तो मोठ्या उत्साहाने दांड्या हलवत होता. इतक्या तत्परतेने या कंपनीत विमानाला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

चिमणी हळू येत होती, पण मुद्दाम रेंगाळत नव्हती. वळसा तिने घातला नाही. मागची माणसं उतरायला उठू पाहत होती.

"बाबा, नको," ती म्हणाली. "संध्याकाळी बघू काय ते."

आणि मग तिने ब्रेक लावला, कारण जागा रिकामी नव्हती.

पांढऱ्या रेघांच्या बरोबर मधे सामानाची ढकलगाडी उभी होती. गाडीवर, पाय खाली सोडून, आजोबा बसले होते. शेजारी आत्या उभी होती.

"ताई, गाडी काढ," काका इंजिनांच्या आवाजावर ओरडला.

"चाक अडकलंय."

"कुठे अडकलंय? सपाट सिमेंट आहे."

"मग मला काय विचारतोस? तू ढकल."

काकाने दांड्या बगलेत मारल्या आणि गाडीला खांदा लावला. गाडी हलली नाही. तिचा ब्रेक आजोबांच्या टाचेखाली होता.

"अप्पा, उतरा खाली."

"जमीन दिसत नाही," आजोबा म्हणाले.

"काय?"

"मला इथून जमीन दिसत नाही. दिसली की उतरतो."

"अप्पा, लोक बघताहेत. इंधन जळतंय."

"सकाळी वाचवलंस ना? त्यातलं जळतंय."

काका आत्याकडे वळला. "ताई, तुला कळतंय का तू काय करतेस? ती जाईल. आजच्या आज सामान भरेल. उद्या तू त्या खिडकीत बसून लोकांना काय सांगणार आहेस?"

"जाईल कदाचित," आत्या म्हणाली. "मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. तिला कुणी विचारलंय कुठे अजून?"

"मी सकाळी विचारलं."

"तू सही मागितलीस, धाकट्या."

काकाने गाडीच्या दुसऱ्या बाजूने जोर लावून पाहिला. मग तो दांड्या खाली टाकून गाडीच्या कडेवर, बापाच्या शेजारी, टेकला. त्याला धाप लागली होती. आजोबा थोडे सरकले.

"अप्पा, कंपनी बंद पडली तर लोक माझं नाव घेतील."

"माझंही घेतील," आजोबा म्हणाले. "चालू कुणी केली होती?"

कॉकपिटमधून हे सगळं आवाजाविना दिसत होतं. मागून परिचारिकेने पडद्यातून डोकं आत घातलं. "पोचलो ना आपण? मग थांबलोय कशाला?"

"वाट अडलीय," चिमणी म्हणाली. "घरचीच माणसं आहेत. माफ करा."

परिचारिकेने काचेतून पाहिलं. एक म्हातारा, एक बाई आणि गळ्यातला टाय पाठीवर गेलेला एक माणूस, तिघं ढकलगाडीपाशी. "आमच्याकडेही असंच असतं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन पुन्हा डोळे मिटले.

कॅप्टन हात मांडीवर ठेवून बसला होता. विमान चिमणीच्या हातात होतं. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं. खाली त्याच्या बहिणीने मनगट डोळ्यांजवळ नेलं, ओठ हलवून काहीतरी मोजलं आणि आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आजोबांनी टाच उचलली. आत्याने एका हाताने गाडी ओढली, आणि ती गडगडत निघाली. काका उठला, त्याने दांड्या उचलल्या, टाय पुढे घेतला आणि रीतसर, दोन्ही हात वर करून, विमानाला जागेवर घेतलं.

चिमणीने इंजिनं बंद केली. पंखे थांबले.

"वेळ वाच," कॅप्टन म्हणाला.

"जाताना एक तास चव्वेचाळीस. येताना एक तास बावन्न."

"एकूण?"

खिडकीखाली काका येऊन उभा राहिला होता. काच सरकवा, अशी खूण करत होता. त्याला काहीतरी विचारायचं होतं. चिमणीने काच सरकवली, आणि आधी वडिलांना उत्तर दिलं.

"एक हजार पाचशे तास, एक मिनिट."